सर्दी न होणाऱ्यांचं घराणं

ग्रंथपालांना सर्दी होत नसे.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना ग्रंथपालच म्हणत आणि त्यांनाही ते बरं वाटे. हुद्द्याच्या आड लपायला सोपं जातं. स्वभाव इतका भिडस्त की दुकानात गेले तर दुकानदाराचं लक्ष जाईपर्यंत मुकाट उभे राहायचे, आणि लक्ष गेलं की काय घ्यायला आलो तेच विसरायचे. जन्मभर पुस्तकं सांभाळली, वाचलीही भरपूर, पण चारचौघांत त्यातलं एक वाक्य धडपणे सांगता आलं नाही. आपण म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी बाइंडरनं घातलेलं कोरं पान, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. असलं तर असलं, फाटलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

एका बाबतीत मात्र ते नाकानं कांदे सोलत.

"आमच्या घराण्यात सर्दी नाही," ते म्हणत. वडिलांना नव्हती, आजोबांना नव्हती. एकदा तापाची साथ आली, सगळ्या इमारतीतली माणसं आडवी झाली, तेव्हा ग्रंथपाल एकटे ताठ उभे होते. उभे राहून केलं काय, तर वाचन. पण उभे होते. दुसरं काही कमावलं नाही म्हणून न झालेल्या सर्दीचाच त्यांनी दागिना करून घातला होता.

बायकोचं नेमकं उलटं. शेजारच्या इमारतीत कुणाला पडसं झालं की पहिली शिंक हिला. हवा बदलली की शिंक, पलंगाखाली झाडलं की शिंक, आणि काहीच झालं नाही तर त्याचीही शिंक.

"तुझ्या माहेरचं आंदण," ग्रंथपाल म्हणायचे.

"मग परत करायचं होतंत. घेताना तर हौसेनं घेतलंत," ती नाक पुसत म्हणायची.

मुलगी बापावर गेली. शाळेत एक दिवस खाडा नाही. पूर्ण हजेरीचं बक्षीस म्हणून मिळालेला कंपास ग्रंथपालांनी अजून कपाटात ठेवला होता. पुढं ती जमीनमोजणीच्या कामाला लागली. दिवसभर उन्हात, खांद्यावर तिपाई. तिशी ओलांडली आणि तिच्या बोटांचे सांधे सकाळी मिटेनात, केस गळायला लागले, उन्हातून आली की नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरायची.

"तब्येत काय सुधारलीय बघ," ग्रंथपाल तेव्हा म्हणाले होते. "अगदी माझ्या आत्यासारखे गाल!"

आत्याचे लाल गाल हे घराण्याचं दुसरं भूषण. तीच आत्या अंगावर सूज येऊन तरुणपणी गेली, हे मात्र भूषण सांगताना कुणी सांगत नसे.

लालीचं नाव ल्युपस निघालं. शरीराची राखणदार फौज शरीरावरच उलटते, तो आजार. औषधांनी तो पुढं आटोक्यात आला, पण तोवर त्यानं दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. मुलगी आईबापांकडे राहायला आली. दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राशेजारी जाऊन पडायचं आणि परत आली की पिळलेल्या कपड्यासारखं पलंगावर पडायचं, एवढंच तिचं आयुष्य उरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजार सध्या शांत आहे. घरातल्या कुणी किडनी दिली तर हीच वेळ."

ग्रंथपालांनी त्याच क्षणी ठरवलं. खरं सांगायचं तर दुःखाबरोबर त्यांना आतून थोडं भारीही वाटलं. कुणाला हवी असलेली वस्तू आपल्याजवळ आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. किडनीवरची पुस्तकं आणली, टिपणं काढली. डावी द्यायची असंही मनोमन ठरवून टाकलं. लोक कौतुक करतील तेव्हा काय म्हणायचं, याचा सराव ते न्हाणीघरातल्या आरशासमोर करू लागले. "छे छे, त्यात काय एवढं." हे सहज वाटायला हवं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते सहज निघत नव्हतं.

"आत कुणाशी बोलताय?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"कुणाशी नाही."

"मग त्याला म्हणावं, नळ बंद कर."

तपासण्या झाल्या. ग्रंथपालांच्या झाल्याच, आणि मुलीच्या हट्टापायी बायकोच्याही झाल्या. "हिची कशाला? ही बारा महिने आजारी," असं ग्रंथपाल म्हणाले होते. निकालाच्या दिवशी तिघं डॉक्टरबाईंच्या खोलीत बसली. टेबलावर प्लास्टिकची किडनी होती, तिचं झाकण उघडायचं. ग्रंथपाल घाबरले की हाताला चाळा लागे. ते झाकण उघडमीट करत होते.

"काका, ते खाली ठेवा. तुमची किडनी मला घेता येणार नाही."

झाकण हातातून निसटून टेबलाखाली गेलं आणि त्याच्या मागोमाग ग्रंथपाल.

"वयामुळे का?" टेबलाखालून आवाज आला.

"वयामुळे नाही. आधी वर या."

ते वर आले. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "तुमच्या लघवीतून किंचित प्रोटीन जातंय. आणि तुमच्याच पेशींच्या विरुद्ध काम करणाऱ्या अँटीबॉडी तुमच्या रक्तात आहेत. मुलीला आहेत त्यातल्याच. तुम्हाला आजार झालेला नाही, कदाचित कधी होणारही नाही. पण अशा माणसाची एक किडनी काढून घेणं तुमच्यासाठी बरं नाही आणि तिच्यासाठीही नाही."

"पण मला जन्मात साधी सर्दी झालेली नाही!" ग्रंथपालांनी हुकमाचं पान टाकलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरंच?"

"आमच्या घराण्यातच नाही."

"आणि घराण्यात कुणाला गालांवर लाली, सांधेदुखी, अंगावर सूज?"

ग्रंथपालांना आत्या आठवली. त्यांनी ती सांगितली, पण भूषण म्हणून नव्हे. सांगताना आवाज बारीक होत होत शेवटी नुसते ओठ हलले.

"असं बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपल्या पेशींमध्ये पहारेकरी असतात. विषाणू आत शिरला की त्याचं जनुकीय द्रव्य ते ओळखतात आणि बोंब मारतात. त्या बोंबेचं नाव इंटरफेरॉन. ती ऐकून आसपासच्या पेशी दारं लावून घेतात, फौज धावून येते. आता पहारेकरी किती तिखट, बोंब किती मोठी, ती थांबणार कधी, हे पुष्कळसं जनुकांवर असतं. माणसामाणसांत त्यात बारीक फरक असतात. काही घराण्यांत बोंब मोठी. विषाणूला ते महागात पडतं. पण आपल्या स्वतःच्या पेशीही रोज मरतात, त्यांचा कचरा पडतो, आणि त्यातही जनुकीय द्रव्यच असतं. तिखट पहारेकरी त्यालाही चोर म्हणतो. मग बोंब काही थांबत नाही."

"कुंपणच शेत खातं," बायको म्हणाली.

"अगदी तसंच, काकू. जनुकीय तपासणीत असे काही फरक या दोघांत सारखे निघालेत."

ग्रंथपालांनी मुलीकडे पाहिलं. "म्हणजे हे मीच हिला..."

"काका, एकट्या जनुकानं ल्युपस होत नाही. असे फरक घेऊन कितीतरी माणसं मजेत फिरतायत. ऊन, हार्मोन, एखादा विषाणू, नशीब, बरंच काही जुळून यावं लागतं. मुळात बायकांना हा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. आणि तुम्हाला सर्दी होत नाही ती यामुळेच, असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. संबंध असू शकतो, इतकंच."

ग्रंथपालांना तेवढं पुरलं. पिढ्यान्‌पिढ्या मिरवलेला दागिना सोनारानं कसाला लावावा आणि काही न बोलता परत द्यावा, तसं झालं.

"तोंड पाडू नका, बाबा," मुलगी म्हणाली. "त्याच्यावरच तर मी कंपास जिंकला."

"काकू," डॉक्टरबाई वळल्या, "तुमचा रक्तगट जुळतो, बाकी सगळंही जुळतं, आणि किडन्या तर एखाद्या तरुण बाईच्या असाव्यात तशा आहेत. देणार का?"

बायकोनं तोंड उघडलं, हात वर केला, डोळे मिटले. सगळे थांबले. मग ती शिंकली.

"देणार," ती म्हणाली. "शिंकेला आधी यायचं होतं."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तेवढंच सांभाळायचं आहे. ऑपरेशनच्या दिवशी काकूंना सर्दी, खोकला, ताप काहीही चालणार नाही. झालं तर तारीख पुढं जाईल. पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि मुलीचा आजार तोवर शांत बसेल याची हमी मी देऊ शकत नाही."

घरी येताना ग्रंथपालांचा विचार चालला होता. किडनी देता येत नाही, ठीक. कौतुकाचं वाक्य वाया गेलं, तेही ठीक. पण दरवाजा तर सांभाळता येईल? बायकोला सर्दी होणार नाही याची जबाबदारी ज्याला सर्दी होत नाही त्यानंच घ्यावी, यापेक्षा योग्य माणूस कुठं मिळणार!

ग्रंथालयात त्यांची एक पद्धत होती. परत आलेलं पुस्तक थेट कपाटात जात नसे. 'संशयित' अशी चिठ्ठी लावलेली एक फळी होती, तिच्यावर ते काही दिवस पडून राही. कसर नाही, ओल नाही अशी खात्री झाली की मगच आत. विद्यार्थी त्या फळीला कोठडी म्हणत. तीच कोठडी आता घरात आली. दाराजवळच्या चपलांच्या मांडणीवर ग्रंथपालांनी 'संशयित' अशी चिठ्ठी डकवली आणि वर्तमानपत्र, भाजी, औषधांची पाकिटं, सगळं तिच्यावर थांबू लागलं. बातम्या शिळ्या झाल्या आणि मेथी पिवळी पडली. दाराला साखळी लागली. आत खुर्ची टाकून ते स्वतः बसले.

बायकोचा भाऊ भेटायला आला.

"भावोजी, ताईला बघायला आलोय."

"खालून बघ," ग्रंथपाल फटीतून म्हणाले. "मी तिला गॅलरीत उभी करतो."

बहीणभाऊ एक गॅलरीतून आणि एक रस्त्यावरून ओरडून बोलले. बायको आत येऊन कडाडली, "मी किडनी देणार आहे, जामिनावर सुटलेली नाही!"

"थोडेच दिवस, अगं."

"एवढी राखण लग्नात केली असतीत तर बूट चोरीला गेले नसते."

ग्रंथपालांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी जिन्याकडे मोर्चा वळवला. सकाळ-संध्याकाळ पायऱ्या, कठडा, कोपरे फिनेलनं पुसायला सुरुवात केली. बाटलीवर किती पाणी मिसळायचं ते स्पष्ट छापलं होतं. छापील शब्दावर जन्मभर विश्वास ठेवलेल्या माणसाला तो नेमका याच वेळी पटला नाही. पाणी म्हणजे भेसळ, असं म्हणून ते निव्वळ फिनेल ओतत.

ऑपरेशन तोंडावर आलं. मायलेकींच्या रक्ताची शेवटची जुळणी राहिली होती. इस्पितळाच्या गर्दीत, खोकणाऱ्या माणसांत बायकोनं यायला नको म्हणून डॉक्टरबाईंनी नमुने घ्यायला माणूस घरी पाठवला. जाडजूड गृहस्थ, डोक्यावर हेल्मेट, हातात बर्फाची पेटी. तो पहिल्या मजल्यावर शिंकला. दुसऱ्या मजल्यावर दोनदा शिंकला. दारापाशी पोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"नमस्कार, रक्ताचे नमुने... आऽक्‌छी!"

"कधीपासून आहे?" ग्रंथपालांनी साखळीआडून विचारलं.

"काय?"

"सर्दी."

"मला सर्दी नाही हो. तुमच्या जिन्यात..."

"सगळे असंच म्हणतात." पुस्तक नेलं तेव्हाच फाटलेलं होतं, असं सांगणारे शेकडो चेहरे ग्रंथपालांच्या डोळ्यांपुढून गेले. "आपण जाऊ शकता. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"अहो, पण मी..."

"आपण जाऊ शकता!"

दार बंद झालं. ग्रंथपाल खुर्चीवर बसले. काय हलकं वाटत होतं! आपण एका माणसाला नाही म्हणालो. तोंडावर म्हणालो. तेही दोनदा! त्यांना आरशासमोर जावंसं वाटलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. तो मुलीनं घेतला. ती ऐकत राहिली, मग फोन ठेवून दाराकडे आली. भिंतीला धरून चालत होती.

"बाबा, रक्त घ्यायला कुणी आलं होतं?"

"आला होता. पाठवला परत. फडाफडा शिंकत होता!"

"डॉक्टरबाईंचा फोन होता. नमुने आज प्रयोगशाळेत पोचले नाहीत तर जुळणी नाही. जुळणी नाही तर ऑपरेशन नाही. दुसरा माणूस नाही त्यांच्याकडे. हा फोन उचलत नाही, गाडीवर असणार."

बायको ओले केस पुसत बाहेर आली. "काय झालं? कुठं माशी शिंकली?"

"माशी नाही, आई. माणूस शिंकला. आणि बाबांनी त्याला हाकलून दिलं."

बायकोनं दार उघडलं, जिन्यात डोकं घातलं, खोल श्वास घेतला आणि लागोपाठ चार वेळा शिंकली. मग वळून नवऱ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच काही बोलली नव्हती, आणि ग्रंथपालांना एकदम सगळं समजलं. फिनेल आपलं, जिना आपला, शिंकही आपणच काढलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोर खुर्चीवर बसून स्वतःचं कौतुक करत होता.

ते घरातल्या सपाता घालून तसेच निघाले.

रस्त्यावर गर्दी होती. पुढच्या वळणावर एका इमारतीतून, दुसऱ्या कुणाचा नमुना घेऊन, हेल्मेट बाहेर पडताना दिसलं, पेटी गाडीला अडकवताना दिसली. ग्रंथपालांनी हाक मारली, "अहो!" ती हाक वाचनालयातली होती, शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही ऐकू गेली नाही. गाडी सुरू झाली. त्या माणसाचं नाव विचारायचंही राहिलं होतं. ग्रंथपाल धावू लागले, एक सपात मागं राहिली, आणि मग त्यांच्या आतून, कुठून कोण जाणे, आयुष्यभर साठवलेला आवाज बाहेर आला.

"अहो, रक्तवाले! ओ रक्तवाले! थांबा!"

सगळा रस्ता थांबला. न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. औषधाच्या दुकानातली माणसं वळली. आणि हेल्मेटही वळलं.

"तुम्ही होय?" तो गृहस्थ म्हणाला. "मला सर्दी नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"आमच्या जिन्यात फिनेल आहे. मी टाकलं. बिनपाण्याचं." ग्रंथपालांना धाप लागली होती. "चुकलो. माझ्या मुलीसाठी चला. हवं तर मला चार शिव्या द्या, पण चालता चालता द्या."

"दारातून कुत्र्यासारखं घालवलंत हो मला."

"पहिल्यांदाच कुणाला घालवलं. सवय नाही, त्यामुळे माणूस चुकीचा निघाला."

त्या गृहस्थानं त्यांच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. "बसा मागे. ही पेटी धरा. आणि सांडू नका, त्यात लोकांचं रक्त आहे."

जिना चढताना त्यानं नाकाला रुमाल घट्ट धरला. ग्रंथपाल शेजारून निवांत चढत होते.

"तुम्हाला काहीच होत नाही?" रुमालातून आवाज आला.

"आमच्या घराण्यात..." ग्रंथपालांनी सुरुवात केली, आणि तोंड मिटलं.

रक्त घेऊन तो गेला. बायको बादलीभर पाणी घेऊन जिना धुवायला निघाली, तिला मुलीनं अडवलं आणि बादली बापाच्या हातात दिली.

"बाबा, डॉक्टरबाई काय सांगत होत्या ते मला आत्ता नीट कळलं," ती म्हणाली. "आपणच जिन्यात विष ओतायचं आणि ज्याला ठसका लागेल त्यालाच चोर म्हणून धरायचं. तुम्ही आपल्या घरातलं इंटरफेरॉन आहात."

"चांगल्या हेतूनं केलं गं."

"तेही चांगल्या हेतूनंच करतं."

ग्रंथपाल बादली धरून उभे राहिले. "मग तुला त्याचा राग येत नाही?"

तिनं सुजलेली बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्धीच मिटली. "येतो ना. पण रागावून जाऊ कुठं? घरचंच आहे."

ग्रंथपालांनी जिना धुतला. मग आत येऊन दाराची साखळी काढली आणि मांडणीवरची चिठ्ठीही काढली. संध्याकाळी मेव्हणा पुन्हा आला, हात धुऊन बसला, बहिणीशी पोटभर बोलला. ग्रंथपाल पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेले आणि एकच ओळ वाचत त्याची शिंक येते का ते ऐकत राहिले. आली नाही.

जुळणी जमली. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. बायको त्या दिवशी सकाळी एकदाही शिंकली नाही. स्ट्रेचरवरून आत जाताना नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? ठरवलं की जमतं." बाहेरच्या बाकावर ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं. बऱ्याच वेळानं शेजारच्या बाईनं ते सुलट करून त्यांच्या हातात दिलं. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. दोघी ठीक होत्या, नवी किडनी कामाला लागली होती. ग्रंथपालांना काहीतरी बोलायचं होतं. घाईत त्यांच्या तोंडून आरशासमोरचं वाक्यच निघालं, "छे छे, त्यात काय एवढं." डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

मुलीला काचेपलीकडच्या खोलीत ठेवलं होतं. परकी किडनी शरीरानं हाकलून लावू नये म्हणून तिचे पहारेकरी आता औषधांनी गप्प केले होते, आणि तिच्याजवळ जायची परवानगी कुणाला नव्हती. ग्रंथपाल बायकोच्या खाटेशी बसले. आणि काही दिवसांनी, घरी सोडायची वेळ आली तेव्हा, बायकोला सर्दी झाली.

टाके अजून ओले होते. पहिल्याच शिंकेला ती कळवळली. परिचारिकेनं एक उशी आणून ग्रंथपालांच्या हातात दिली. "शिंक यायच्या आधी टाक्यांवर ही दाबून धरायची. घट्ट, पण हळू. आधी, नंतर नाही. जमेल ना, काका?"

ग्रंथपालांना आपल्याला जमेल असं कधीच वाटत नसे, तसं याही वेळी वाटलं नाही. ज्याच्या घराण्यात शिंक नाही त्याला शिंकेच्या आधीचा चेहरा कुठून माहीत असणार? पहिल्या वेळी उशी उशिरा पोचली. दुसऱ्या वेळी शिंक आलीच नाही आणि ते उगाच दाबून बसले.

"अहो, मला फक्त जांभई आली होती," बायको म्हणाली.

मग त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. हळूहळू दिसू लागलं. आधी बोलणं तुटतं. मग डावी भुवई वर जाते. नाकपुडी थरथरते, डोळे कुठं तरी लांब बघतात. इतक्या वर्षांत त्यांनी ही शिंक फक्त ऐकली होती.

खिशातला फोन वाजला. काचेपलीकडून मुलगी बोलत होती. "बाबा, डॉक्टरबाई म्हणतात आता मलाही सर्दी होऊ शकते, जपून राहा. मला कधी झालीच नाही. कशी असते हो?"

"मला काय विचारतेस?" ग्रंथपाल म्हणाले. "हे आईचं खातं. थांब, देतो तिला."

त्यांनी फोन बायकोच्या कानाशी धरला. "सांगते," बायको म्हणाली, "आधी ना नाकात असं..." आणि तिचं बोलणं तुटलं. डावी भुवई वर गेली.

ग्रंथपालांनी फोन टाकला आणि दोन्ही हातांनी उशी धरली.